राबिघला निघालेल्या पुतणीस

पोरी, सौदीतल्या राबिघच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळायला निघालीस, तर अर्थशास्त्राच्या विभागाबद्दल थोडं सांगून ठेवतो.

पाठ्यपुस्तकांवर फार पैसा घालू नकोस. ती कुठंही मिळतात, आणि परदेशी नियतकालिकं सौदी डिजिटल लायब्ररीतून उघडता येतात. दुसरं कोणी जपणार नाही ते तू जप. गावाला लागूनच पेट्रो राबिघ कंपनी आहे; अरामको आणि सुमितोमो केमिकलनं 2005 साली काढलेली. 2008 ला ती शेअर बाजारात आली, तेव्हाचं माहितीपत्रक मिळव. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीचे अहवाल, बंदराची आकडेवारी हेही घे. आज संकेतस्थळावर दिसतं ते उद्या काढून टाकतात. छापून, बांधून, दाखल नोंदवहीत चढव. अरबी मूळ प्रत सोडू नकोस.

असं जपलेलं किती उपयोगी पडतं ते पुण्यात बघ. तिथली गोखले इन्स्टिट्यूट निघाली 1930 ला, पण तिचं ग्रंथालय भारत सेवक समाजानं 1905 पासून जमवत आणलेलं. आपल्याकडच्या शेतीवर, दुष्काळावर लिहिणाऱ्याला असे जुने सरकारी अहवाल आणि जनगणनेचे खंडच लागतात.

सगळ्यात जपायचं ते वर्षांना. सौदी सरकारचे जुने अर्थसंकल्प हिजरी वर्षाचे. ते वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून 33 हिजरी वर्षांत इकडची 32 च होतात. मुखपृष्ठावर 1390 असेल, तर नोंदीत 1970-71 हेही लिही. नाही लिहिलंस तर विद्यार्थी हिजरी आणि इसवी अशा दोन मालिका एकमेकींपुढे ठेवून वाढीचा दर काढतो आणि तो चुकतो. मराठवाड्यावर काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. निजामाच्या अहवालांवर फसली साल असतं, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो.

नावंही बदलतात. 1952 ची मॉनिटरी एजन्सी 2020 ला सौदी सेंट्रल बँक झाली; आपल्या मुंबईचं 1949 चं 'इकॉनॉमिक वीकली' 1966 ला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' झालं. मालिका एकाच मांडणीवर ठेव आणि दोन्ही नावांखाली नोंद कर.

आणि नियतकालिकाचा अंक आला नाही, तर त्याच महिन्यात मागणीपत्र धाड. दोन वर्षांनी तो प्रकाशकाकडेही शिल्लक नसतो.