शोध रिता परतला, तर?



संगणकावर शास्त्राभ्यास करताना ‘शून्य वचने’ असे उत्तर आले म्हणजे आपण चटकन म्हणतो, “शास्त्रात हे नाहीच!” परंतु पुष्कळदा उणीव शास्त्रात नसून आपल्या प्रश्नाच्या मांडणीत असते.

माझाच अनुभव सांगतो. ‘अगापाओ’ व ‘फिलेओ’ ही प्रीतिवाचक ग्रीक क्रियापदे नव्या करारात एकाच वचनात कोठे येतात, हे भाषांतराच्या टिपांसाठी मी शोधत होतो. दोन्ही शब्द एकाच अवतरणचिन्हांत लिहिले; उत्तर शून्य आले. ‘ही क्रियापदे एकत्र येत नाहीत’ अशी टीप लिहिणार, तोच योहान २१:१५ आठवले. तेथे प्रभू पहिल्या क्रियापदाने विचारतो आणि पेत्र दुसऱ्याने उत्तर देतो!

माझ्या चुका दोन होत्या. अवतरणचिन्हांतील शब्द लागोपाठ आले तरच संगणक ते जुळवितो. ते केवळ एका वचनात हवे असल्यास सुटे लिहून मध्ये ‘अँड’ घालावे. ‘लोगोस’सारख्या प्रणालीत ते रोमी लिपीतील मोठ्या अक्षरांत लिहावे लागते. दुसरे असे की, वचनात ‘अगापास’ व ‘फिलो’ अशी चालविलेली रूपे आहेत. मी मात्र कोशातील रूपे साध्या शब्दशोधात दिली होती. तेथे मूळशब्दाचा शोध निवडावयास हवा होता. दोन्ही चुका सुधारताच योहान २१:१५ व १६ ही वचने समोर आली.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘पेत्र ऑर योहान अँड मंदिर’ असे लिहिल्यास पेत्राची सर्वच वचने येण्याचा संभव असतो. म्हणून ‘पेत्र ऑर योहान’ एवढे कंसात घालावे. मराठीत शोधताना जुन्या छपाईतील ‘प्रीति’ आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार लिहिलेली ‘प्रीती’, ही दोन्ही रूपे द्यावीत.

शेवटी एक कसोटी सांगतो. जे वचन सापडलेच पाहिजे असे एखादे आधी मनाशी धरा. ते उत्तरात नसेल, तर प्रश्नाची मांडणी तपासा. निष्कर्ष काढू नका. घाईने काढलेला निष्कर्ष उपदेशातून मंडळीपर्यंत पोहोचतो आणि मग तो परत घेणे कठीण जाते. बिरुयातील लोक दररोज शास्त्रात शोध करीत (प्रेषितांची कृत्ये १७:११). आपल्या हाती यंत्र आले, तरी तो शोध अद्याप आपणच करावयाचा आहे.