मधल्या फळीचे शिल्पकार : झिको

प्रस्तावना

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या ओठी असते. परंतु त्या गोलाची वाट तयार करणारा खेळाडू बहुधा मधल्या फळीत असतो. बचाव फळीकडून आलेला चेंडू ताब्यात घेणे आणि योग्य साथीदाराकडे अचूक सोपवणे, हे त्याचे काम. ब्राझीलचे झिको हे असेच एक थोर खेळाडू. निवृत्तीनंतर ते गोव्यातही आले होते. त्यांच्या कारकिर्दीची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

मूळ पाठ

झिको यांचा जन्म ३ मार्च १९५३ रोजी रिओ दि जानेरो शहरात झाला. लहानपणी त्यांची शरीरयष्टी अत्यंत कृश होती. फ्लामेंगो या क्लबने त्यांच्यासाठी व्यायामाचा व आहाराचा खास कार्यक्रम आखला आणि त्यांनी तो निष्ठेने पाळला. पुढे याच क्लबसाठी त्यांनी ५००हून अधिक गोल केले.

१९८१ साली टोकियो येथे फ्लामेंगोने इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाचा ३-० असा पराभव केला. तिन्ही गोल इतरांच्या नावावर आहेत. तरीही सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती झिको यांची. कारण त्या गोलांमागे त्यांचेच कौशल्य होते.

विश्वचषकाने मात्र त्यांना हुलकावणी दिली. १९८२ साली इटलीविरुद्ध बरोबरीही पुरेशी असताना ब्राझीलचा संघ ३-२ असा हरला. १९८५ साली त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यातून सावरून ते १९८६च्या स्पर्धेत उतरले. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मारलेली पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. सामना बरोबरीत सुटल्यावर निर्णायक पेनल्टींची वेळ आली, तेव्हा झिको पुन्हा पुढे झाले आणि त्यांनी गोल केला. तरीही ब्राझीलचा संघ हरला.

१९९१ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, ते जपानमधील काशिमा येथे गेले. तेथे एका पोलाद कंपनीचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. जगप्रसिद्ध खेळाडूने अशा संघात जावे, याचे अनेकांना नवल वाटले. झिको यांनी तेथील खेळाडूंना शिस्त व सरावाचे महत्त्व पटवून दिले. १९९३ साली जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली. तीत काशिमाच्या पहिल्याच सामन्यात चाळिशीतील झिको यांनी ३ गोल केले. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००४ साली जपानला आशियाई चषक मिळवून दिला.

२०१४ साली ते एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक झाले. २०१५ साली हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर अखेरच्या क्षणांपर्यंत आघाडीवर असलेला गोव्याचा संघ चेन्नईकडून ३-२ असा हरला. पुढील हंगामात संघ तळाला गेला आणि त्यानंतर झिको यांनी गोव्याचा निरोप घेतला.

ज्याने विश्वचषक जिंकला नाही, त्याला थोर म्हणावे काय? काशिमाच्या मैदानाबाहेर उभारलेला झिको यांचा पुतळा या प्रश्नाचे उत्तर देतो. इतरांसाठी वाट तयार करणाऱ्याचे श्रम वाया जात नाहीत.

शब्दार्थ

कृश – सडपातळ, अशक्त
हुलकावणी देणे – हाती येता येता निसटणे
निर्णायक – निकाल ठरवणारा

स्वाध्याय

१. मधल्या फळीतील खेळाडूचे काम कोणते?
२. १९८६ साली झिको यांनी दुसऱ्यांदा पेनल्टी मारली, यातून त्यांचा कोणता गुण दिसतो?
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी इतरांसाठी वाट तयार करणाऱ्या एका व्यक्तीविषयी आठ ओळी लिहा.