गुडघेदुखी : विश्रांती की व्यायाम?

'आता वय झाले, गुडघे दुखणारच,' असे म्हणून घरातील अनेक वडीलधारी माणसे चालणे-फिरणे सोडून देतात. मुलेही काळजीपोटी म्हणतात, 'आई, तू बसून राहा.' या सल्ल्यामागे माया असते; पण तो हिताचा असतो का?

मांडीचे व नडगीचे हाड गुडघ्यात एकत्र येते. त्यांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. उतारवयात ते झिजू लागते. सांधा आखडतो व दुखतो. दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो. त्यामुळे गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायू दुबळे होतात, सांध्यावरील ताण वाढतो आणि वेदना अधिकच बळावते. हे दुष्टचक्र औषधांवाचूनही बरेचसे मोडता येते.

पहिला उपाय व्यायामाचा. खुर्चीवर ताठ बसावे. एक पाय समोर उचलून गुडघ्यात सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा व सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने असे दहा वेळा करावे. सपाट रस्त्यावर रोज झेपेल तितके चालावे. सुरुवातीला थोडे दुखले तरी घाबरू नये. मात्र वाढलेली वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली, तर व्यायाम कमी करावा.

दुसरा उपाय वजनाचा. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, की चालताना पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे संशोधनात आढळले आहे.

तिसरा उपाय सवयींचा. उकिडवे किंवा मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची वापरावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. आखडलेला गुडघा सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या पिशवीने शेकावा.

गुडघा एकाएकी सुजला, लाल झाला किंवा सोबत ताप आला, तर घरगुती उपायांवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे.

झिजलेली कूर्चा या उपायांनी पूर्ववत होत नाही, हे खरे. परंतु शेजारी, बाजारात वा देवळात स्वतःच्या पायांनी जाण्याचे स्वातंत्र्य टिकवता येते. म्हणून 'आई, बसून राहा' असे म्हणण्याऐवजी 'आई, चल, मीही तुझ्याबरोबर चार पावले चालतो,' असे म्हणावे. खरी काळजी ती हीच.

पाठगत प्रश्न
१. हालचाल थांबवल्याने गुडघेदुखी का वाढते?
२. काठी कोणत्या हातात धरावी?
३. 'खरी काळजी ती हीच' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.