चूल आणि वैल : ब्रिटनमधील गॅसवरची संयुक्त चक्र वीजकेंद्रे



सहवीजनिर्मितीविषयी गटवार बैठका घेत असताना एक प्रश्न आम्हाला दोन-तीन गावांत विचारला गेला. "साहेब, परदेशात म्हणे जळणातली निम्म्याहून जास्त ताकद विजेत उतरवतात. मग आपल्या बगॅसमधून पाव हिश्शाच्या आसपासच का निघते? आपली माणसं कमी पडतात का?" प्रश्न रास्त आहे, आणि विचारणाऱ्याने ऐकलेली गोष्टही खरी आहे. बैठकीत घाईघाईने उत्तर देऊन आमचे समाधान झाले नाही, म्हणून या अंकाची ही पाने त्यासाठी घेतली आहेत.

ज्या केंद्रांविषयी हे बोलले जाते त्यांना संयुक्त चक्र वीजकेंद्रे म्हणतात. ती चालतात नैसर्गिक वायूवर. नाव भारदस्त आहे, पण त्यामागची युक्ती आपल्या घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चुलीच्या शेजारी वैल असतो. चुलीत लाकूड घालायचे, वर तव्यावर भाकरी भाजायची आणि तिथून पुढे सरकणाऱ्या धगीवर वैलावर कालवण रटरटत ठेवायचे. वैलासाठी वेगळे लाकूड कोणी घालत नाही. संयुक्त चक्र केंद्रात चुलीच्या जागी गॅस टर्बाइन असते आणि वैलाच्या जागी वाफेचे टर्बाइन.

आता जरा आत शिरू. गॅस टर्बाइनचे तीन भाग असतात. पुढे कॉम्प्रेसर, तो बाहेरची हवा ओढून पंधरा-वीस पट दाबतो. मध्ये ज्वलनकक्ष, तिथे त्या दाबलेल्या हवेत गॅस जळतो. मागे प्रत्यक्ष टर्बाइन, त्याच्या पात्यांवर तो तापलेला वायू झोडपतो आणि दांडा फिरतो. त्याच दांड्यावर जनित्र असते आणि कॉम्प्रेसरही असतो. इथे एक गंमत लक्षात घ्या. टर्बाइनने मिळवलेल्या शक्तीतली निम्म्याहून अधिक तो कॉम्प्रेसरच खातो. वीज तयार करणारे पहिले गॅस टर्बाइन १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी बसले. त्याचे टर्बाइन १५.४ मेगावॅट शक्ती काढीत असे, त्यातली ११.४ मेगावॅट कॉम्प्रेसरला लागे, आणि विजेसाठी उरत फक्त ४ मेगावॅट. जळणातल्या शंभर भागांपैकी साडेसतरा भागसुद्धा पुरते हाती लागत नव्हते. घरचा गडीच निम्म्याहून जास्त धान्य खाऊन टाकतो अशातला प्रकार. तरी ते यंत्र आणीबाणीत तात्काळ सुरू होते म्हणून ठेवले होते, आणि ते २००२ पर्यंत टिकले.

सुधारणा झाली ती उष्णता वाढवून. जितका वायू जास्त तापलेला, तितकी त्यातून जास्त शक्ती. हे सूत्र सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्येच मांडून ठेवले होते. अडचण पात्यांची होती. आजच्या मोठ्या टर्बाइनमध्ये वायू दीड हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतो आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची करतात तो त्याच्या आतच वितळतो. मग पाती वितळत का नाहीत? पाती आतून पोकळ असतात. कॉम्प्रेसरमधलीच थोडी हवा त्यांच्या पोटातून खेळवतात आणि बारीक छिद्रांवाटे बाहेर सोडतात, त्यामुळे पात्याभोवती गार हवेचे पातळ पांघरूण राहते. ही विद्या बरीचशी विमानाच्या जेट इंजिनातून आली. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांनी आपले पहिले जेट इंजिन १९३७ मध्ये चालवून दाखवले, त्याच घराण्यातली ही यंत्रे.

एवढे करूनही टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू साडेपाचशे ते सहाशे अंश तापलेला असतो. तो धुराड्यातून सोडून देणे म्हणजे उकळती काहील ओढ्यात ओतणे होय. म्हणून त्याच्या वाटेवर नळ्यांचा बॉयलर बसवतात. त्यात बहुधा जळण मुळीच घालत नाहीत, तो त्या सोडलेल्या धगीवरच वाफ करतो. ती वाफ दुसऱ्या टर्बाइनला जाते. हिशेब ढोबळमानाने असा : गॅसमधली शंभर भाग उष्णता घेतली तर गॅस टर्बाइन ३८ भाग विजेत उतरवते. उरलेल्या ६२ भागांतून वाफेचे टर्बाइन आणखी साधारण २० काढते. बेरीज ५८. अगदी अलीकडची केंद्रे ६० च्या पुढे गेली आहेत. नुसत्या वाफेवरची कोळशाची केंद्रे ३५ ते ४० च्या दरम्यान राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपला बॉयलर एवढे का काढू शकत नाही? इथे माणसांचा दोष नाही. आपल्या भट्टीत बगॅसची ज्योत हजार अंशांच्या आसपास असते, पण वाफ आपण फार तर पाचशे-साडेपाचशे अंशांपर्यंतच तापवतो. कारण त्यापुढे नळ्यांचा पोलाद आणि दाब दोन्ही महाग होत जातात. म्हणजे वरची चार-पाचशे अंशांची उतरंड आपण न वापरताच खाली येतो. कोयनेचे उदाहरण घ्या. शिवसागराचे पाणी पोफळीला पडते आणि वीज देते. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा खाली सोडतात, तिथे चार संच पुन्हा फिरतात. समजा वरचे पोफळीचे वीजघर नसतेच, तर पाणी तेवढेच असूनही वीज कितीतरी कमी मिळाली असती. गॅस टर्बाइन हे उष्णतेच्या उतारावरचे पोफळी आहे आणि वाफेचे टर्बाइन कोळकेवाडी. आपल्याकडे फक्त कोळकेवाडी आहे. शिवाय आपल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, ते उडवण्यात जळण खर्ची पडते ते वेगळेच.

मात्र दुसऱ्या बाजूने आपले कारखाने मागे नाहीत. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ आपण रस आटवायला इव्हॅपोरेटरला देतो. तिथे पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी ती चार-चार वेळा राबते. हा आपला वैल फार जुना आहे. फक्त त्यावर वीज शिजत नाही, साखर शिजते.

हे सगळे कागदावर फार सुंदर दिसते. पण अशी केंद्रे एखाद्या देशाने पाच-पन्नास बांधली म्हणजे काय होते, ते पाहायला ब्रिटनसारखे उदाहरण नाही. १९९० साली ब्रिटनची सुमारे दोन तृतीयांश वीज कोळशावर होत असे आणि गॅसवर जवळजवळ नाहीच. गॅस ही मौल्यवान वस्तू, ती बॉयलरखाली जाळू नये, असा युरोपीय समुदायाचा १९७५ पासूनचा दंडक होता. तो १९९१ मध्ये उठला. त्याच सुमारास, १९९० मध्ये, सरकारी वीजमंडळ मोडून खाजगी कंपन्यांना वाटून दिले गेले. उत्तर समुद्रात गॅस मुबलक निघत होता. नव्या कंपन्यांना असे केंद्र हवे होते की जे दोन-तीन वर्षांत उभे राहील, भांडवल कमी लागेल आणि माणसे थोडकी पुरतील. संयुक्त चक्र या तिन्ही कसोट्यांना उतरले. बॅरो-इन-फर्नेस या गावाजवळ रूसकोट येथे जुन्या कोळसा केंद्राच्या जागेवर १९९१ मध्ये पहिले केंद्र चालू झाले, २२४ मेगावॅटचे. पुढे रांगच लागली. २००० सालापर्यंत देशाची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज गॅसवर होऊ लागली.

यात भरडला कोण? खाणकामगार. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरून ते आधीच खचलेले होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने एकदम ३१ खाणी बंद करण्याचे जाहीर केले, सुमारे तीस हजार माणसांच्या रोजगाराचा प्रश्न होता. एवढा गहजब झाला की सरकारला चार पावले मागे यावे लागले, पण खाणी पुढे बंद पडत गेल्याच. शेवटची खोल खाण यॉर्कशायरमधील केलिंगली, ती डिसेंबर २०१५ मध्ये मिटली. शेवटचे कोळसा वीजकेंद्र रॅटक्लिफ ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. हवेच्या दृष्टीने पाहिले तर हे चांगलेच झाले, कारण एका युनिटमागे गॅसच्या संयुक्त चक्रातून कोळशाच्या निम्म्याहूनही कमी कार्बन वायू बाहेर पडतो. पण खाणीच्या गावातल्या माणसाला हे सांगून त्याची चूल पेटत नाही, हेही खरे.

त्या काळातले सर्वांत गाजलेले केंद्र म्हणजे टीसाइड. ईशान्य इंग्लंडमध्ये विल्टन येथे १९९३ मध्ये ते सुरू झाले. क्षमता १८७५ मेगावॅट. आठ गॅस टर्बाइन, त्यांच्या मागे आठ बॉयलर, आणि त्या सर्वांची वाफ घेणारी दोन वाफेची टर्बाइन. शिवाय शेजारच्या रसायन कारखान्यांना इथली वाफ नळाने जात असे. म्हणजे चूल, वैल आणि वर पाण्याचा हंडासुद्धा! हे केंद्र उभारण्यात पुढाकार होता एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा.

एन्रॉन हे नाव आपल्याला नवे नाही. गुहागर तालुक्यातले दाभोळचे केंद्रही संयुक्त चक्राचेच. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्त्यावर चालू झाला, वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये आपल्या वीजमंडळाने ती घेणे थांबवले आणि डिसेंबर २००१ मध्ये मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये नवी कंपनी काढून केंद्र पुन्हा उभे केले, तर २०१३ मध्ये गॅसच मिळेना म्हणून ते पुन्हा थंडावले. यंत्रे नामांकित होती, युक्तीही हीच होती. घोडे अडले ते जळणापाशी आणि जळणाच्या दरापाशी.

ब्रिटनमध्येही अखेर तेच झाले. उत्तर समुद्रातला गॅस ओसरत गेला आणि २००४ पासून तो देश गॅस निर्यात करण्यापेक्षा आयात अधिक करू लागला. गॅस महागला तसे टीसाइड परवडेनासे झाले. ज्याच्याकडे बघायला देशोदेशीचे इंजिनिअर जात, ते केंद्र अवघ्या वीस वर्षांत, २०१३ मध्ये कायमचे बंद झाले. आपल्याकडे काही कारखान्यांतले मिलचे रोलर त्याहून जुने निघतील. आणि २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यावर गॅसचा भाव भडकला, तेव्हा ब्रिटनमधली घरगुती वीजबिलेही भडकली. तिथल्या बाजाराची रीत अशी की मागणी पुरी करायला जे शेवटचे आणि सर्वांत महाग केंद्र चालवावे लागते, त्याच्या दराने सर्वांची वीज विकली जाते. ते शेवटचे केंद्र बहुतेक वेळा गॅसचेच असते.

तरी ही केंद्रे आजही उभी राहतात. लिंकनशायरमध्ये कीडबी येथे ८४० मेगावॅटचे नवे केंद्र २०२३ मध्ये सुरू झाले, ते गॅसमधली सुमारे ६३ टक्के उष्णता विजेत उतरवते असे सांगतात. पण आता त्यांचे काम पालटले आहे. समुद्रात पवनचक्क्या झाल्या आहेत. वारा असला की ही केंद्रे मंद करायची, वारा पडला की चेतवायची. तापलेले केंद्र तासा-दीड तासात भरात येते, ही त्यांची जमेची बाजू.

आता काही तरुण सभासद विचारतील की बगॅसचाच गॅस करून गॅस टर्बाइनमध्ये का घालू नये? थेट बगॅस त्यात चालत नाही, राखेने पाती खरवडून निघतील. पण हवा कमी देऊन काडीकचऱ्याचा जळाऊ वायू करता येतो, आणि तो धुऊन टर्बाइनला देता येतो. स्वीडनमधील वार्नामो येथे १९९० च्या दशकात लाकडावर चालणारे ६ मेगावॅटचे असे संयुक्त चक्र केंद्र चालवून दाखवले आहे. ते प्रयोग म्हणून यशस्वी झाले, पण वीज महाग पडली.

त्यानंतर इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात एगबरो येथे आर्ब्रे नावाचा ८ मेगावॅटचा प्रकल्प निघाला. ही हकीकत ऊस लावणाऱ्याने जरूर ऐकावी. इथे जळण म्हणजे विलो या झाडाचे फोक. ते शेतात लावायचे, दर तीन वर्षांनी छाटायचे आणि पुन्हा फुटू द्यायचे, आपल्या खोडव्यासारखे. एक लागवड वीसेक वर्षे चालते. आसपासच्या शेतकऱ्यांनी कंपनीशी करार करून शेकडो हेक्टरांवर विलो लावला. वायू करण्याचे आणि धुण्याचे यंत्र काही केल्या सुरळीत होईना, मूळ मालकाने हात आखडता घेतला आणि २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. केंद्र असे धडपणे चाललेच नाही. शेतकऱ्यांचा त्या केंद्रात भाग नव्हता, संचालक मंडळात त्यांचा माणूस नव्हता, त्यांच्या हाती होता तो पुरवठ्याचा करार. तो कागद राहिला, गिऱ्हाईक राहिले नाही, आणि विलो शेतात उभा होता.

पुढील अंकात आपल्या बॉयलरचा दाब वाढवला तर टनामागे किती युनिट वाढतात आणि त्याला कर्ज किती लागते, याचा हिशेब आम्ही मांडणार आहोत. त्याविषयी सभासदांच्या शंका असल्यास गट कार्यालयात लिहून द्याव्यात.