नेपोलियनची बग्गी

प्रश्न : वॉटर्लूच्या खेळासाठी नेपोलियनची बग्गी हवी आहे. हाताशी २८ मि.मी.ची, अमेरिकी टपालगाडीची प्लॅस्टिक प्रतिकृती आहे. जमेल का?

उत्तर : जमेल, पण नुसता रंग देऊन नाही. १८ जून १८१५ च्या रात्री प्रशियन सैनिकांनी जनाप गावात पकडलेली ही गाडी म्हणजे चाकांवरचा शयनकक्षच होता. पाय पसरून झोपता यावे म्हणून तिचा पुढचा भाग बाहेर आलेला होता. तेव्हा टपावरचा सामानाचा कठडा कापा, उघड्या खिडक्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याने बुजवा आणि पुढचा फुगवटा इपॉक्सी पुटीने घडवा. पुटी पूर्ण वाळल्याशिवाय कानस लावू नका.

रंगाची माहिती १८१६ च्या लंडनमधील प्रदर्शनाच्या वर्णनातून मिळते : गडद निळी गाडी, सोनेरी किनार, चाके शेंदरी. चाके जोडण्याआधीच रंगवा. नंतर आऱ्यांच्या आतल्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. शेंदरी रंग काळ्या प्रायमरवर मरतो, म्हणून खाली फिकट गुलाबी थर द्या. निळ्यात थोडा काळा मिसळा, आणि फक्त कडांवर मूळ निळ्याची बारीक रेघ ओढा. सोनेरी मात्र हात राखून. या आकारात जास्त सोनेरी म्हणजे वरातीची गाडी!

घोडे तपकिरी. लगाम दोऱ्याचे केले तर जाड दिसतात, कागदाच्या पट्ट्या बऱ्या. लढाईच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता, त्यामुळे चिखल चाकांच्या तुंब्यांपर्यंत हवाच.

मूळ गाडी पाहायला मात्र मिळणार नाही. मादाम तुसाँच्या संग्रहालयाला १९२५ मध्ये लागलेल्या आगीत ती जळाली.