भाजक्या तिळांचे तेल : एक फिर्याद

भाजक्या तिळांच्या तेलाने पदार्थ बिघडला तर दोष तेलाचा नसून स्वयंपाक करणारीच्या हाताचा असतो, असा जो एक सरसकट समज काही तेलविक्यांनी स्वतःच्या सोयीसाठी रूढ करून ठेवला आहे, त्याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि ते लिहिताना माझा स्वर थोडा चढलेला वाटला तर वाचकांनी तो सहन करावा, कारण भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, "काकू, हे तेल वापरायचं पण ज्ञान लागतं," हे वाक्य मला ऐकून घ्यावे लागले आहे, आणि ते उच्चारणारा मनुष्य त्या क्षणी काय विकत होता हे त्याला पुरते ठाऊक होते, याविषयी आज माझ्या मनात तिळमात्र शंका उरलेली नाही.

हे तेल आमच्या घरात नवे नव्हे. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त ओसाकास असताना सुट्टीवर येई तेव्हा सामानात या तेलाची एखादी बाटली असेच, आणि त्या बाटलीने आम्हा सर्वांना जी गोडी लावली ती कायमची लागली. आपल्याकडील घाण्याचे तिळेल कच्च्या तिळांचे, फिक्या सोनेरी रंगाचे व सौम्य वासाचे. जपान, कोरिया आणि चीन या देशांत मात्र तीळ आधी चांगले खमंग भाजून मग त्यांचे तेल काढण्याची रीत आहे, आणि त्या तेलाचा गडद तपकिरी रंग व तो सर्व घर व्यापून टाकणारा वास ही दोन्ही त्या भाजण्याची निष्पत्ती होत. जे द्रव्य अग्नीवर एकवार सिद्ध झाले ते पुन्हा प्रखर आचेवर चढविले म्हणजे त्यातील सुगंधी अंश उडून जातो आणि मागे कडवटपणा राहतो. म्हणून तिकडील गृहिणी हे तेल पदार्थ चुलीवरून उतरल्यावर थेंबाथेंबाने घालतात. मीही तसेच घालीत आले आहे. मोहरी तडतडावयास जी आच लागते ती या तेलाला मानवत नाही, एवढे मला कोणा दुकानदाराने शिकविण्याची गरज नव्हती.

आमच्या भिवंडीजवळच्या टेमघरात, कल्याणच्या रस्त्याला लागून, लाकडी घाण्याचे एक दुकान निघाले. विजेच्या मोटारीवर फिरणारी लाट, समोर काचेआड लाकडी उखळ, पाटीवर शुद्धतेची ग्वाही, आणि फळीवर हारीने मांडलेल्या बरण्यांत शेंगदाणा, करडई, खोबरे यांच्या जोडीला 'भाजक्या तिळांचे तेल'. परदेशी बाटलीची किंमत परवडेनाशी झालेली, आणि हेच तेल दारात मिळते आहे, तेव्हा ते घेणे यात अविवेक काही नव्हता. मालकाने डब्यातून माझ्या बाटलीत तेल ओतून दिले, पावती मागितली तर "पुस्तक संपलंय, उद्या देतो" म्हणाला, आणि वर सल्ला दिला, "फोडणीला घाला, पुऱ्या तळा, सगळ्याला चालतं." खऱ्या भाजक्या तिळेलाचा जाणकार पुऱ्या तळावयास सांगणार नाही, हे त्या वेळीही मनात आल्यावाचून राहिले नाही, परंतु विक्रेता आपल्या मालाची थोरवी वाढवून सांगतो, ही बाजाराची जुनी वहिवाट असल्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष केले.

भोगीच्या दिवशी अलिबागहून माझी नणंद आली होती. पावटे, सोलाणे, वांगी, गाजर, बोरे, भुईमुगाचे ओले दाणे यांची मिश्र भाजी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी; भाजी उतरल्यावर मी तीत ते तेल चमचाभर घातले आणि झाकण ठेविले. वन्सनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका, पण तिळाची चव फक्त भाजीतल्या कुटाची आहे. या तेलाला तिळाचा वासच नाही, वरून लावल्यासारखं वाटतंय." त्यांच्या जिभेवर माझा विश्वास आहे. त्या ज्या मुलुखात वाढल्या त्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात बेने इस्रायल या ज्यू समाजाची तेल गाळणारी घराणी होती. आपल्या धर्माज्ञेप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक 'शनिवार तेली' म्हणून सर्वत्र ओळखले जात. वाडवडिलांकडून त्या तेलाची वाखाणणी ऐकत वन्स मोठ्या झाल्या. मी वाटीत थोडे तेल घेऊन मंद आचेवर कोमट केले; तो खमंग वास पाहतापाहता विरला आणि त्याच्या मागून जो वास आला तो तिळाचा नव्हता, कच्चट, ओशट, कोठल्याही रिफाइंड तेलाचा असावा तसा होता. त्याच वेळी शेजारच्या कढईत तिळगुळासाठी तीळ भाजले जात होते. दोन वास एका नाकाला एकदम येत होते आणि त्यांत काही नाते नव्हते.

तरीही मी निकाल दिला नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढावयास दार उघडले तेव्हा बाटलीच्या तळापासून अर्ध्यापर्यंत पांढुरका, दाणेदार थर बसलेला दिसला. बाटली आडवी केली तरी थर हलेना. वरचे तपकिरी तेल तेवढे एका बाजूस झुकले. ती बाटली तशीच हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तिळाचे तेल शून्याच्या खाली काही अंश गेल्यावाचून गोठत नाही. घरातल्या फ्रिजमध्ये ते थोडे गढुळेल, त्याचा गाळ खाली बसेल, पण ते थिजणार नाही. पामतेल थिजते, शेंगदाण्याचे तेल घट्ट होते, खोबरेल तर दगड होते. रात्री जी बाटली मी तिळाची म्हणून ठेविली होती, तिने सकाळी स्वतःच कबुलीजबाब दिला होता.

ती बाटली घेऊन मी दुकानात गेले. मालकाने आधी सांगितले की थंडीत सगळीच तेले गोठतात. मी हरकत घेतली तेव्हा दोष माझ्या फ्रिजवर गेला. मग तो माझ्या बाटलीवर आला, की तिच्यात पूर्वीचे खोबरेल राहिले असेल. ती बाटली उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून नेलेली होती. सरतेशेवटी तो माझ्या ज्ञानावर आला, ते वाक्य मी आरंभी नमूद केलेच आहे. मला सर्वांत अधिक लागले ते हे, की एवढे बोलताना त्याने बाटलीकडे नजर टाकली नाही. तो बोलत होता तो इतर गिऱ्हाइकांकडे पाहून, जणू मी फिर्यादी नसून आरोपी होते. आणि मग त्याने टेबलाच्या खणातून एक कागद काढून सर्वांपुढे धरला : प्रयोगशाळेचा दाखला, तेल तिळाच्या कसोटीस उतरले, लाल रंग आला, सबब तेल शुद्ध.

त्या कागदावर माणसे फसतात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे मला अवश्य वाटते. माझा भाचा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवितो. त्याने जे सांगितले ते असे. तिळेलात काही विशिष्ट द्रव्ये असतात, आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल यांच्याशी हे तेल हलविले असता किरमिजी रंग येतो. हीच बाउडोइन कसोटी. ती इतकी सूक्ष्म आहे की आपल्या सरकारने वनस्पती तुपात वजनाने किमान ५ टक्के तिळेल घालण्याची सक्ती केली, ती याचसाठी की कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळले तर या कसोटीने ते लगेच उघडकीस यावे. म्हणजे एवढ्याशा तिळेलानेही रंग येतो! जी कसोटी तिळेल आहे एवढेच सांगते, ते किती आहे हे सांगत नाही, तिचा दाखला शुद्धतेचा पुरावा म्हणून फडकाविणे ही एक तर घोर अज्ञानाची गोष्ट आहे, नाही तर उघड लबाडीची.

शुद्धता पाहावयाची असेल तर तेलातील स्निग्धाम्लांचे प्रमाण काढावे लागते. पामतेलात पामिटिक आम्ल ४० टक्क्यांच्या आसपास असते, तिळेलात ते सुमारे ८ ते १२ टक्के. सोयाबीन तेलात लिनोलेनिक आम्ल साधारणपणे ५ टक्क्यांहून अधिक असते, तिळेलात एक टक्कादेखील नसते. केवळ आयोडीन मूल्यावर मात्र विसंबू नये : तिळेलाचे ते १०३ ते १२० या मर्यादेत असावे लागते, परंतु पामोलीनचे ५४ ते ६२ आणि सोयाबीनचे १२० ते १४१ असल्यामुळे, दोन्हींचे मिश्रण हुशारीने साधणाऱ्यास मधला आकडा जुळविणे फारसे कठीण नाही.

कायद्याची बाजू सांगते, कारण कचेरीत सारे आयुष्य दप्तर सांभाळण्यात गेल्यामुळे कागदाची किंमत मला ठाऊक आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४० अन्वये सामान्य खरेदीदारासही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, आणि माल नियमांविरुद्ध निघाला तर ते शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे. पण त्यास एक अट आहे, आणि ती फारच थोड्यांना माहीत असते : आपण हा माल तपासावयास देणार आहोत, हे खरेदीच्याच वेळी विक्रेत्यास सांगावे लागते. मागाहून लक्षात आले तर पुन्हा जाऊन, तसे स्पष्ट सांगून, नवी खरेदी करणे प्राप्त आहे. मी तसे सांगून तेल मागितले तेव्हा "भाजक्या तिळांचा माल संपला" असे उत्तर मिळाले. बरणी फळीवर भरलेली दिसत होती. अन्न व औषध प्रशासनाकडे मी लेखी तक्रार दिली आहे, तिची पोच माझ्यापाशी आहे. शिवाय खाद्यतेल सुटे विकणे हेच मुळी २०११ च्या नियमांनी निषिद्ध केलेले आहे. तेल बंद, लेबल लावलेल्या वेष्टनातूनच विकले पाहिजे, आणि मिश्र तेल असेल तर तसे घटकांच्या प्रमाणासह छापले पाहिजे. तेव्हा लेबल पाहावे, परवाना क्रमांक पाहावा, पावतीवाचून पैसे देऊ नयेत. हे सारे सर्वांस ठाऊक असते, मलाही होते. परंतु "उद्या देतो" म्हणणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालण्याची सवय आपल्या समाजाला नाही, आणि याच सभ्यतेवर हे लोक जगतात.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती मात्र हिशेबाची आहे. तिळात वजनाच्या साधारण निम्मे तेल असते, आणि लाकडी घाण्यात ते सगळे उतरत नाही, काही अंश पेंडीत राहतोच. म्हणून एक किलो तेलास सव्वादोन ते अडीच किलो तीळ लागतात असे धरावे. भिवंडीच्या बाजारात, तीन बत्तीला वा मंडईत, त्या दिवशीचा तिळाचा भाव विचारावा, त्यास अडीचने गुणावे, पेंडीचे पैसे वजा करावे, आणि मग घाणेवाल्याचा भाव पाहावा. भाजणे, वीज, मजुरी, नफा हे सारे वर धरूनही ज्याचा भाव नुसत्या तिळाच्या खर्चाहून कमी आहे, तो धर्मादाय करीत नाही. आणखी एक : भाव किलोचा आहे की लिटरचा हे विचारून घ्यावे, कारण एक लिटर तिळेल सुमारे ९२० ग्रॅमच भरते. मी हा हिशेब त्या दुकानाच्या भावाला लावून पाहिला, आणि तो भाव त्यात कोठेच बसेना.

ज्यांना केवळ तो स्वाद हवा आहे, त्यांनी फार आटापिटा करू नये. खात्रीचे कच्च्या तिळांचे तेल आणावे. जाड बुडाच्या कढईत तीळ मंद आचेवर सतत हलवीत भाजावे. ते तडतडू लागले आणि बदामी झाले की लगेच ताटात काढावे, कारण कढईच्या उष्णतेने ते उतरल्यावरही भाजत राहतात, आणि गडद झालेले तीळ तेल कडू करतात. निवल्यावर ते खलबत्त्यात जाडसर कुटून कोमट तेलात घालावे, रात्रभर झाकून ठेवावे आणि सकाळी पातळ फडक्यातून गाळावे. जपानी तेलाची सर याला पूर्णपणे येणार नाही. परंतु मुगाच्या खिचडीवर, काकडीच्या कोशिंबिरीत, भाकरीबरोबरच्या सुक्या चटणीत त्याचा वास पुरेसा लागतो. फोडणी नेहमीच्या तेलाची करावी आणि हे वरून घालावे. गडद काचेच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे, आणि थोडेथोडेच करावे. ज्यांना तिळाचे वावडे आहे त्यांच्या पानात हे घालण्यापूर्वी विचारून घ्यावे. ही अॅलर्जी काहींच्या बाबतीत जीवघेणी ठरते, आणि तेलातून तीळ दिसत नाही.

आमच्या या टेमघरात उल्हास नदीचे पाणी शहाडहून येऊन शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. लाखो लोक आमच्या गावाच्या नावावर विश्वास ठेवून ते पाणी पितात. त्याच गावात एका बाटलीभर तेलाची शुद्धता मागणारी बाई भांडखोर ठरली. त्या दुकानदाराने नंतर एका शेजाऱ्याकरवी निरोप धाडला की अर्धे पैसे परत घ्या आणि प्रकरण मिटवा. मी कळविले की पैसे पूर्ण हवेत, आणि त्याआधी राहिलेली पावती हवी. पावती अद्याप आलेली नाही.