माझ्याकडे बिल्ड होतं, सर्व्हरवर का नाही?

प्रश्न : डेबियनसाठी तयार केलेलं माझं पॅकेज माझ्या संगणकावर नीट बिल्ड होतं, बिल्ड सर्व्हरवर मात्र हेडर फाइल सापडत नाही म्हणून अडतं. असं का?

उत्तर : तुमच्या संगणकावर पूर्वी कधीतरी बसवलेली डेव्ह पॅकेजेस कंपायलरला सापडतात आणि बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतली उणीव झाकली जाते. सर्व्हर दरवेळी कोऱ्या वातावरणातून सुरुवात करतो. तिथे बिल्ड-इसेन्शिअल आणि ‘कंट्रोल’ फाइलच्या बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहिलेली पॅकेजेस त्यांच्या गरजांसह मिळतात, बाकी काही नाही. म्हणून एसबिल्डने तसंच कोरं वातावरण उभारून तपासा. न सापडलेली फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते एपीटी-फाइलने शोधा आणि त्याचं नाव यादीत घाला. एखादी लायब्ररी दुसऱ्या पॅकेजामागून आपोआप येतेच, मग ती वेगळी कशाला लिहायची, असा आक्षेप घेतला जातो. पण त्या पॅकेजाने उद्या ती वगळली, तर तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता तुमचं बिल्ड मोडेल. म्हणून आपला सोर्स जे थेट वापरतो, ते आपणच नोंदवावं. यात वेळ जातो हे खरं. पण सोर्स बदलून पुन्हा बिल्ड करण्याचं स्वातंत्र्य हा मुक्त सॉफ्टवेअरचा गाभा आहे आणि यादी अपुरी राहिली तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहतं.